फळीवरचा खर्ज

ध्वनिवर्धक म्हटला कीं त्याला बंद खोका हवाच, अशी आतां समजूत झाली आहे. पण व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनीं भिंतीपासून ओढून पाठीमागून पाहिला असेल, त्यांस भोंकाभोंकांचा पुठ्ठा, आंतला तांबूस उजेड आणि उघडा पडलेला कागदी शंकु आठवेल. ती पेटी म्हणजे कडेनें दुमडलेली फळीच! ठाण्यास एके काळीं मर्फी रेडिओचा कारखाना होता. तेव्हां ही विद्या आमच्या बाजूस अगदींच परकी नव्हे. आज हौशी मंडळी हिलाच ‘ओपन बॅफल’ म्हणतात, आणि डोंबिवलीच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलींत आम्हीं तशा दोन फळ्या उभ्या केल्या आहेत.

फळी कशासाठीं? वूफरचा शंकु पुढें सरला कीं समोरची हवा दाटते आणि त्याच क्षणीं पाठीमागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींच्या हाडवैरिणी. गांठ पडली कीं दोघीही नाहींशा होतात. फळी त्यांना वळसा घालावयास लावते. अमेरिकेंत राइस व केलॉग यांनीं १९२५ सालीं आजच्या धर्तीचा ध्वनिवर्धक प्रसिद्ध केला, तेव्हांही हें महत्त्व ठाऊक होतें. उंच स्वराची लाट आंखूड. तिला एवढा वळसा पुरतो. पण काळी एकमध्यें लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदास सुमारें ६९ कंपनांचा, म्हणजे त्याची लाट पांच मीटर लांब. तिच्यापुढें आमची साठ सेंटिमीटरची फळी ती काय! वळसा अपुरा पडूं लागला कीं दर सप्तक खालीं उतरतांना आवाजाचा दाब निम्मा होतो. तोच आवाज एक सप्तक खालीं हवा असेल, तर शंकूची हालचाल आठपट करावी लागते. बंद खोक्यांत चौपटीवर भागतें. म्हणून पंधरा इंची वूफर. गंमत अशी कीं, ज्याचें चुंबक फारसें जोरकस नाहीं, ज्याला खोक्यांत ढबढबीत म्हणून नांवें ठेवतात, तोच येथें उपयोगी पडतो. त्याच्या स्वरांतला फुगवटा फळीची तूट थोडी बुजवितो.

मग हा खटाटोप कां? दिशेसाठीं. खोक्यांतला खर्ज दिव्याच्या उजेडासारखा चोहोंकडे पसरतो. फळीचा समोर आणि मागें पसरतो, व दोन्ही बाजूंस, जेथें उलट लाटा सारखेंच अंतर तोडून भेटतात, तेथें जवळजवळ शून्य. समोर तेवढाच आवाज मिळूनही खोलींत ओतली जाणारी एकंदर शक्ति तिसरा हिस्सा. दहा फुटांवरच्या समोरासमोर भिंतींमध्यें ५६ कंपनांच्या आसपास जो घुमारा उठतो, तो फळीचें तोंड खोलीच्या लांबीकडे असल्यानें फारसा जागाच होत नाहीं. डग्गा वाजतो आणि थांबतो. कल्याणास वा ठाण्यास एखाद्या घरगुती बैठकींत तबलजीसमोर ज्यांनीं मांडी घातली असेल, त्यांना या थांबण्याची किंमत सांगावयास नको. अगदीं तळाचा गडगडाट गेला, त्याचें आम्हांस दुःख नाहीं.

बाजूच्या भिंतीपलीकडे एक दहावीचा विद्यार्थी राहतो. खोक्यांचा खर्ज त्याच्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत जाई. आतां फळीची कड त्या भिंतीकडे आहे, आणि त्याच्या मातोश्रींचें दार ठोठावणें थांबलें आहे. अगदीं निःशब्दता होते असें नाहीं. इतर भिंतींवरून आवाज परततोच.

या सुखाचें भाडें मात्र जागेंत मोजावें लागतें. फळी भिंतीस टेकवली कीं मागची लाट तत्काळ परतून पुढचीस खाऊन टाकते. निदान एक मीटर मोकळा हवा. शिवाय रुंद फळी उंच स्वरांची दिशा बिघडविते. या विषयांत आयुष्य घालविणाऱ्या सीगफ्रीड लिंकविट्झ (१९३५–२०१८) यांनीं आपल्या एका रचनेंत फळी वर निमुळती केली ती यासाठींच. आमच्या घरांतील मंडळींचें म्हणणें, त्या एक मीटरांत पलंग मावतो. तें खरें आहे. सध्यां फळ्यांस चाकें लावलीं आहेत. सायंकाळीं साडेसहा ते आठ त्या पुढें येतात, एरवीं भिंतीशीं असतात. पलंगाचा प्रश्न दिवाळीपर्यंत पुढें ढकलला आहे.