चोवीस लंगोट

मुलीला डायपर लावायचा नाही, हे मी बायकोच्या सातव्या महिन्यातच जाहीर करून टाकलं होतं. त्याला कारण मुलुंड. मी पूर्वेला वाढलो. वारा फिरला की डम्पिंगचा वास थेट जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. पाहुणे असले की आई घाईघाईने उदबत्ती लावायची. २०१८ साली ते डम्पिंग बंद झालं आणि तिथे साठलेला सुमारे ७० लाख टन कचरा उपसायचं ठरलं. मुंबईचा बहुतेक कचरा आता कांजूरमार्गला जातो, म्हणजे आमच्यापासून तीन स्टेशनांवर. नाहूर, भांडुप, कांजूर. माझ्या पोरीचे डायपर तिथल्या कुणाच्या ताटापर्यंत पोचायला नकोत. दिवसाला आठ धरले तरी महिन्याचे २४०. एक्सेलमध्ये मांडून ठेवलं होतं मी.

आई खूश. तिने माळ्यावरची पेटी उतरवायला लावली. आजीची विरलेली नऊवारी, तिचे चौकोनी तुकडे, कडा दुमडून टीप. झाले चोवीस लंगोट. नव्या कापडाला खळ असते, बाळाला टोचते, धुऊन धुऊन मऊ झालेलंच हवं, हे तिचं शास्त्र. बोरिवलीहून चुलतभावाने झबली, टोपडी, दुपटी पाठवली. त्यातलं एक टोपडं म्हणे माझंच होतं. मला मात्र राहवलं नाही. ऑर्गॅनिक कापसाचे, बटणांचे सहा कापडी डायपर ऑनलाइन मागवले. प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत आला. आईने त्या सहा पिशव्या घडी करून ठेवल्या, बोलली काही नाही.

मुलगी झाली मे २०२४ च्या शेवटी. ३० मेपासून महापालिकेने ५ टक्के पाणीकपात केली, ५ जूनपासून १० टक्के. तलाव तळाला गेले होते. सोसायटीने सकाळ-संध्याकाळ तासभरच पाणी सोडायचं ठरवलं. मग पाऊस सुरू झाला, तरी कपात तशीच. खिडकीबाहेर मुसळधार आणि नळाला करंगळीएवढी धार! चोवीस लंगोट दुपारपर्यंत संपायचे. (शूचा हिशोब मी आठवर केला होता, लेकीने तो पहिल्याच दिवशी खोडला.) दोरीवर, खुर्च्यांच्या पाठींवर, पंख्याखाली लंगोटच लंगोट, घरभर कुबट वास. दमट राहिले की इस्त्री फिरवायची. विजेचं बिल एक्सेलमध्ये घ्यायचं राहूनच गेलं होतं.

धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी आधीच सांगून टाकलं होतं, "दादा, शूचे चालतील. शीचे मी हातात घेणार नाय." बरोबरच होतं त्यांचं. मी साडेआठला निघायचो, घाटकोपरला मेट्रो धरून अंधेरी, परत यायला रात्रीचे आठ. बादली रिकामी दिसायची. ती कशी रिकामी होते, हा प्रश्न मला पडला नव्हता.

एका रात्री तीनच्या सुमाराला बाथरूमचा दिवा दिसला. आई पाटावर बसून लंगोट घासत होती. गुडघ्यांमुळे ती देवासमोरसुद्धा खुर्चीवर बसते. "झोप तू, सकाळी ऑफिस आहे," म्हणाली. आत बायको जागीच होती, टाके अजून दुखत होते तिचे. "आजवर तू किती धुतलेस?" तिने एवढंच विचारलं. मी मनात मोजले. दोन. त्यातला एक नळाखाली धरून तसाच बादलीत टाकलेला.

सकाळी मेडिकलमधून डायपरचं पाकीट आणलं. दुकानदाराने पिशवी हवी का विचारलं. मी नको म्हणालो. तेवढाच बाणा उरला होता.

मग रात्री आणि बाहेर जाताना डायपर, दिवसा लंगोट, आणि ते धुणं माझ्याकडे, असं ठरलं. सकाळी सहाला आणि रात्री आल्यावर. आधी गार पाण्यात खंगाळायचं, गरम पाण्यात टाकलं की डाग पक्का बसतो, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. २९ जुलैला कपात उठली, तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले मी. वापरलेले डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळे ठेवायचो; तरी सफाई कामगार ती पुडी उचलायला आला की मी दाराआड व्हायचो.

चोवीसातले एकोणीस टिकले. परवा घाटकोपरच्या मावसबहिणीसाठी ते न्यायला तिचा नवरा आला होता. तिला आता सातवा आहे आणि त्यांच्याकडेही डायपर आणायचा नाही असं ठरलंय म्हणे. आईने पिशवी थेट त्याच्या हातात दिली.

"जावईबापू, साबणाची ॲलर्जी नाही ना तुम्हाला?"