बरणीवरची चिठ्ठी

गोड खायला मराठी घराला कधी सबब शोधावी लागत नाही. मुलगा पास झाला, तोंड गोड करा. नापास झाला, तर पुढच्या खेपेसाठी देवापुढे साखर ठेवा. लग्न ठरले की साखरपुडा. गूळपुडा कुणी ऐकला आहे? हा मान साखरेने एकटीने मिळवला. आता मात्र या मानकरणीचे दिवस फिरले आहेत. दिवाळीच्या तोंडावर चार बायका एकत्र जमल्या की साखरेविषयी जे बोलले जाते, ते पूर्वी फक्त नणंदेविषयी बोलले जात असे.

आमच्या घरात साखरेच्या जागी खजुराचा पाक आला. तो कसा करायचा ते सांगते, कारण करायला सोपा आहे आणि होताना बघायला मोठी मौज वाटते. अर्धा किलो मऊ खजूर घ्यावा. धुऊन, बिया काढून, लिटरभर गरम पाण्यात ३-४ तास भिजत घालावा. बी काढताना प्रत्येक खजूर उघडून पाहावा. आत एखादे वेळी कीड असते, आणि ती मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखी अगदी गप्प बसलेली असते. मग हातानेच कुस्करावा. मिक्सर फिरवला तर गर फार बारीक होतो, फडक्यातून निसटतो आणि पाक गढूळ येतो. ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळून, पुरचुंडी घट्ट पिळून, तो तपकिरी रस जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटत ठेवावा. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. नुसता फेस काढत उभे राहायचे. मग एकाएकी रंग काळपट होतो, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, घरभर काकवीसारखा वास सुटतो. इथून पुढे पातेल्याकडे पाठ करू नये. पळीच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ मोडेनाशी झाली की उतरावा. गार झाल्यावर तो आणखी दाटतो. दीड वाटी भरतो. कोरड्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवावा.

हा शोध आपला नव्हे. इराकात याला दिब्स म्हणतात आणि तिळाच्या लगद्यात कालवून भाकरीशी खातात. बहरीनच्या जुन्या किल्ल्यात तर हा पाक काढण्याच्या खोल्याच सापडल्या आहेत. जमिनीला पन्हळी पाडलेल्या. त्यांवर खजुराची पोती रचायची. वरच्या पोत्यांच्या भाराने खालचा रस आपोआप गळे आणि पन्हळींतून वाहत जाऊन साठे. चूल नाही, पळी नाही, आणि ‘लक्ष ठेव गं’ म्हणणारे कुणी नाही!

अर्थात साखरेची सगळी कामे या पाकाला जमत नाहीत. उसाच्या साखरेचा पाक गार होताना त्यात पुन्हा कण धरतात, म्हणून रव्याचा लाडू बसतो. खजुरात असते बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ही दोघे एकत्र नांदली की कण धरू देत नाहीत. पाक कितीही आटवा, चिकट होईल. रव्याचा लाडू काही बसायचा नाही. तीळ, दाण्याचे कूट, सुके खोबरे आणि भाजलेली कणीक यांना मात्र तो झकास चालतो.

तर असे लाडू झाले. पाकाच्या बरणीला आणि लाडवांच्या डब्याला माझ्या धाकट्या जावेने सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या: ‘बिनसाखरेचे’.

आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. वीस वर्षे मधुमेह सांभाळतात, तोही शिस्तीने. चष्मा लावून डब्यावरचे अक्षर वाचल्याशिवाय तोंडात काही टाकत नाहीत. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि कितीतरी वर्षांनी दुसरा लाडू उचलला. मग तिसरा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या यंत्रावर आकडा नेहमीपेक्षा बराच वर गेला. त्या दिवसभर खिन्न होत्या. “माझंच काहीतरी चुकलं असेल गं,” म्हणाल्या.

मी चिठ्ठ्या काढायला गेले तेव्हा जाऊ म्हणाली, “पण ताई, आपण साखर घातलीच नव्हती ना?”

घातली नव्हती हे खरे. नव्हती हे खोटे. ‘न घातलेली’ आणि ‘नसलेली’ यांतला फरक मी वर्गात समजावू लागले की मुले जांभया देतात. इथे त्या फरकापायी एक म्हातारी स्वतःला दोष देत बसली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनांतही मध, पाक आणि फळांचे रस यांतली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीला बसवली आहे. खजूर चावून खाल्ला तर त्याचा चोथा पोटात जातो, शिवाय बिया ताटलीत उरतात आणि किती खाल्ले त्याची साक्ष देतात. पाकात चोथा फडक्यातच राहतो आणि साक्षीदार आपण आधीच फेकून दिलेले असतात.

हे मात्र माझ्यावर नाराज झाले. “आईला तेवढंच सुख मिळालं होतं. तू त्यातही व्याकरण काढलंस,” म्हणाले. यावर माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते. तिसऱ्या लाडवाच्या वेळी त्यांचा चेहरा मीही पाहिला होता. पण ते सुख त्यांना आम्ही दिले होते की त्या चिठ्ठीने, आणि त्याची किंमत कुणी मोजली?

मी हिशेब केला. अर्ध्या किलोत पन्नासेक खजूर, त्याचे पंधराएक मोठे चमचे पाक. नवी चिठ्ठी लावली: ‘खजुराचा पाक. १ चमचा = ३ खजूर.’

सासूबाईंनी ती दोनदा वाचली. मग लाडवाचा डबा पुढे ओढला.

“यात किती चमचे?”

“एका लाडवात एक, आई.”

“सकाळी मी दोन खजूर खाल्लेत.” त्यांनी लाडू मोडला, अर्धा डब्यात परत ठेवला आणि झाकण लावले. “हे आधीच लिहायचं नाही का? आणि तो चोथा टाकू नका गं. उद्या थालीपिठात घाला.”