एक गट, नऊ गावं आणि न आलेलं उत्तर



'व्हर्च्युअल टीम' हा शब्द ऐकला की आपल्याला मोठ्या कंपन्या आठवतात. पण २०२० साली आपण शिक्षकही तेच करत होतो, हे तुमच्या लक्षात आलंय का?

मी बोईसरला राहते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं, पण वर्ग काही उघडले नाहीत. तेव्हा आम्ही नऊ शिक्षकांनी चौथीच्या मुलांसाठी दर आठवड्याला गणिताची स्वाध्यायपत्रिका बनवायचं ठरवलं. कुणी पालघरचं, कुणी तारापूरचं, तर कुणी डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडचं. व्हॉट्सॲपवर गट केला. समन्वयाचं काम माझ्याकडे आलं.

मी लगेच नियम केले. रोज संध्याकाळी सातला गूगल मीट, आणि मेसेजला तासाभरात उत्तर. एमआयडीसीजवळ राहणाऱ्या मला रेंज ही अडचण असू शकते, हे सुचलंच नाही.

मोखाड्याकडचे सर मीटला कधीच नसायचे. उत्तर यायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तिसऱ्या आठवड्यात माझा संयम सुटला. गटावर सगळ्यांसमोर लिहिलं, "सर, जमत नसेल तर तसं सांगा."

"ठीक आहे मॅडम," एवढंच उत्तर आलं. मग आठवडाभर काहीच नाही.

शेवटी फोन केला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा सकाळी लागला. सर म्हणाले, "मॅडम, आमच्या पाड्यावर रेंज नाही. सकाळी टेकडीवर येतो, तेव्हा तुमचे मेसेज पडतात. पावसात तीही वाट निसरडी होते."

मी गप्पच झाले. मग कळलं, आमची पीडीएफ बघायला त्यांच्या मुलांच्या घरी फोनच नव्हते. सर गणितं हाताने कागदावर उतरवून पाड्या-पाड्यांवर नेऊन देत होते. ते पुढे म्हणाले, "त्यात लिफ्टचं उदाहरण आहे ना, पोरं विचारतात लिफ्ट म्हणजे काय?" ते उदाहरण मीच घातलं होतं. आम्ही घरात बसून मीट करत होतो आणि पत्रिका सोडवणारं मूल समोर बघणारे सर मात्र मला कामचुकार वाटत होते!

चूक गटावर केली होती, म्हणून माफीही गटावरच मागितली. मग नियम बदलले:

१. मीट आठवड्यातून एकदाच. काय ठरलं ते चार ओळींत गटावर लिहायचं.
२. उत्तराला दोन दिवसांची मुदत.
३. प्रत्येक पत्रिकेची जबाबदारी एकाची, तपासणी दुसऱ्याची.
४. कौतुक गटावर, तक्रार फोनवर.

पुढच्या पत्रिकेत लिफ्टच्या जागी भाताच्या रोपांच्या जुड्या आल्या. ते गणित सरांनी पाठवलं होतं.

आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला. तालुके आठ. एकीकडे समुद्र, दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचे डोंगर. गट एक केला म्हणून सगळ्यांची परिस्थिती एक होत नाही.

आता शाळा भरतात, पण वर्गाचे गट आहेतच. एखादे पालक उत्तर देत नाहीत, तेव्हा आपण पटकन म्हणतो, "यांना मुलाची काळजीच नाही." कदाचित ते एमआयडीसीतली रात्रपाळी करून झोपलेले असतील. तुमच्या गटात असं गप्प असलेलं कोण आहे? आज त्यांना एक फोन करून बघा.