ठिगळ

ज्या अवयवाचें नांव चारचौघांत घ्यावयाचें नाहीं, त्याविषयीं लिहावयास आम्ही बसलों आहों. वाचकांनीं मासिक मिटूं नये एवढीच विनंति. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं आमच्या शिश्नास बांक आला, वेदना होऊं लागल्या, आणि निव्वळ लाजेपायीं आम्ही आठ महिने गप्प राहिलों. ही लाज आमच्या एकट्याचीच खास नसावी.

शेवटीं गांठलेल्या शल्यविशारदांनीं ‘पेरोनीचा आजार’ असें निदान केलें. पंधराव्या लुईच्या पदरीं असलेल्या पेरोनी नामक शस्त्रवैद्यानें १७४३ सालीं त्याचें वर्णन केलें, आणि उपाय म्हणून बारेज येथील झऱ्याचें पाणी सुचविलें! इंद्रियाच्या आंतील चिवट आवरणावर वणासारखी गांठ धरते. ती बाजू ताणली जात नाहीं, म्हणून ताठरतेच्या वेळीं इंद्रिय तिकडे वळतें. बांक कांहीं महिने स्थिर झाल्यावांचून शस्त्र लावीत नाहींत. तो बेताचा असल्यास निरोगी बाजूस टांके घालतात. त्यानें लांबी घटते. आमच्यासारखा मोठा असल्यास गांठीवर छेद देऊन पडलेल्या खिंडारास ठिगळ लावतात.

पण ठिगळ कशाचें? १९७४ सालीं अमेरिकेंत डिव्हाइन व हॉर्टन यांनीं रोग्याच्याच त्वचेचा आंतील थर वापरला. पुढें पायाची शीर आली, गालाच्या आंतलें अस्तर आलें. डेक्रॉनसारखें कृत्रिम कापडहि लावून पाहिलें. परंतु दाह व जंतुसंसर्ग यांमुळें तें मागें पडलें. गुरांच्या हृदयावरील पिशवी आणि डुकराच्या आंतड्याचें अस्तर हीं, पेशी धुऊन काढून, वापरतात. त्या जाळीच्या आधारानें आपल्याच पेशी वाढतात. ठिगळ कोणतेंहि असो, पुढें ताठरताच उणी होण्याचा धोका आहेच.

आम्हांस मात्र त्या धोक्याआधीं आमच्या मातोश्रींचें सोवळें आठवलें! घरीं येऊन पत्नीस सारें सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “अहो, डुकराचं काय घेऊन बसलात? आठ महिने तुम्ही पाठ फिरवून निजत होतात. मला वाटलं, माझंच कांहीं चुकलं.”

यावर कोणत्याहि ग्रंथांतलें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं.

पुढल्या खेपेस ती आमच्यासवें आली. पायाची शीर घ्यावयाची ठरली. “तिसरा मजला आहे आमचा, यांना जिना चढतां येईल ना?” एवढेंच तिनें विचारलें. दिवाळीच्या सुटींतील तारीख मिळाली आहे.