इलेक्ट्रिक गाडी घेऊ काय? राजारामपुरीतल्या एका मालकाचा जबाब

परवा जनता बाजार चौकात चहा पीत होतो. एक ओळखीचे वाचक स्कूटर बाजूला लावून थेट माझ्याकडं आले. नुकतेच रिटायर झालेत, फंडाचे पैसे हातात आलेत. म्हणाले, "साहेब, तुमची ती बॅटरीची गाडी कशी हाय ओ? घ्यावी काय नको? दोन ओळीत सांगा."

मला दोन ओळीत सांगता आलं नाही. असा प्रश्न आठवड्याला एक-दोघं तरी विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पोस्ट लांबड आहे. पण दहा-पंधरा लाखांचा विषय आहे, तेव्हा वाचा.

आधी माझं सांगतो. २०२३ च्या दसऱ्याला गाडी घेतली. आजपर्यंत ३० हजार किलोमीटरच्या वर चालली. बातमीदारी असल्यामुळं कागल, गारगोटी, पन्हाळा, गगनबावडा असं फिरणं रोजचंच. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की खाली कमेंटमध्ये 'ती घ्यायलाच नको होती' एवढंच चालणार आणि मूळ मुद्दा बाजूला पडणार.

गाडी चालवायला झकास आहे. आवाज नाही, गिअर नाही. गगनबावड्याचा घाट उतरताना ब्रेकला पाय क्वचितच लागतो, उलट उतारावर थोडी बॅटरी भरते. ऑइल बदलणं नाही, क्लच प्लेट नाही. इथपर्यंत शोरूमवाले सांगतात ते खरं आहे.

आता ती सकाळ.

मिरगाचा पाऊस नुकताच सुरू झालेला. आबांना मिरजेला डॉक्टरांकडं न्यायचं होतं. सकाळची पहिली वेळ मिळालेली, म्हणून साडेपाचला निघायचं ठरलं. आदल्या रात्री बॅटरी ८२ टक्के बघून झोपलो होतो. सकाळी चावीचं बटण दाबलं, दार उघडेना. चावीतली छोटी पट्टी काढून दार उघडलं तर आत सगळा अंधार. स्क्रीन नाही, दिवा नाही, हॉर्न नाही.

आबा गल्लीत छत्री धरून उभे. म्हणाले, "धक्का मारून बघूया की."

"आबा, ही धक्क्यानं सुरू होत नाही."

"मग कशानं होती?"

याचं उत्तर त्या वेळी माझ्याकडं नव्हतं. पावणेदोन वर्षं गाडी वापरत होतो, आणि ती बंद पडली तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांची जुनी वॅगन आर काढली. आबा वेळेत पोचले. वाटेत मला काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

दुपारी उद्यमनगरातले माझे जुने मिस्त्री मीटर घेऊन आले. दोन मिनिटांत सांगितलं, "मोठी बॅटरी ठणठणीत असंल. बारा व्होल्टची बसलीया."

हे समजून घ्या, कारण बऱ्याच मालकांना ते पहिल्यांदा गाडी बंद पडल्यावरच कळतं. इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. खाली मोठी, जिच्यावर गाडी पळते. आणि पुढं बॉनेटखाली साधी १२ व्होल्टची, पेट्रोल गाडीत असते तसलीच. दारं, स्क्रीन, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीचा जोड चालू करणारा रिले हे सगळं या छोट्या बॅटरीवर चालतं. ती बसली की खाली कितीही चार्ज असूद्या, गाडी जागची हलत नाही. ही छोटी बॅटरी मोठ्या बॅटरीतूनच भरली जाते. भरणारा जो भाग असतो, तो बिघडला की छोटी बॅटरी हळूहळू मरते.

हा प्रकार फक्त आमच्या गल्लीत घडतो असं नाही. ह्युंदाईनं जून २०२४ मध्ये भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या, त्या याच जातीच्या दोषासाठी. (माझी गाडी ती नव्हे. तेवढा पगार पत्रकाराला नसतो.)

मिस्त्री म्हणाले, "मी आत्ता नवी बसवतो. पण साहेब, तुमची वॉरंटी हाय न्हवं?" कंपनीला फोन केला. तिकडून बजावलं, बाहेरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका. टोचन करून नेऊ का विचारलं, तर तेही चालत नाही. या गाड्या चाकं फिरवत ओढायच्या नसतात, वर उचलूनच न्यायच्या. उचलून नेणारी गाडी दुसऱ्या दिवशी आली, ती आमच्या गल्लीत वळेना. आमची गाडी ढकलून बाहेर काढावी तर करंट नसल्यामुळं न्यूट्रल पडेना. मग ज्यांना हात लावायची बंदी होती, त्याच मिस्त्रींना परत बोलावलं. त्यांनी वायर लावून करंट दिला तेव्हा गाडी हलली.

वर्कशॉपमध्ये पुढचे २३ दिवस. भरणारा भागच गेला होता. तो पुण्याहून यायचा होता. तो आला तेव्हा हाय व्होल्टेजचं काम येणारा एकटा माणूस रजेवर होता. मला एक रुपया बिल आलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण २३ दिवस मी एसटीनं आणि मित्रांच्या मोटारसायकलवर फिरलो, आणि आबांची पुढची फेरी भाड्याच्या गाडीनं झाली. हप्ता मात्र ५ तारखेला बरोबर कापला गेला.

वॉरंटी पैशाची मिळते. दिवसांची वॉरंटी कोण देत नाही. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असं बरेच जण छापतात. सुटा भाग किती दिवसांत मिळेल, हे कुणी छापत नाही.

त्यानंतर मी सवयीप्रमाणं विचारपूस सुरू केली. कोल्हापूर आणि आसपासच्या अकरा मालकांशी बोललो. हा काही सर्व्हे नाही, पण बरंच कळलं.

गारगोटीकडचे एक शिक्षक. रोजचं जाणं-येणं ६० किलोमीटर, घराच्या अंगणात चार्जिंग. दोन वर्षांत त्यांनी बाहेरचा चार्जर बघितलाच नाही. खर्च म्हणाल तर वायपरचा. ते सर्वांत खूश.

कोल्हापूर-पुणे भाडी मारणारा एक तरुण. म्हणाला, "गाडीनं कधी दगा दिला नाही भाऊ. मशीननं दिला." पुणे इथून साधारण २३० किलोमीटर. वाटेत एक चार्जर बंद, दुसऱ्याचं ॲप वेगळं, तिसऱ्यासमोर डिझेल गाडी लावून माणूस जेवायला गेलेला. पॅसेंजर मागं बसून घड्याळ बघत होते.

एक डॉक्टर. किणी टोलनाक्याच्या जवळ १८ टक्क्यांवरून आकडा एकदम ६ वर आला, घाम फुटला. याचं कारण असं, की बऱ्याच गाड्यांत एलएफपी जातीची बॅटरी असते. ती टिकाऊ असते, पण तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सारखाच राहतो, त्यामुळं किती उरली याचा अंदाज कॉम्प्युटरचा चुकू शकतो. म्हणून अशा गाडीला अधूनमधून सावकाश १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करा असं कंपन्याच सांगतात. डॉक्टर कायम फास्ट चार्जरवर ८० टक्के करून निघायचे. त्यांना हे गाडी देताना कुणी समजावलं नव्हतं.

राजारामपुरीतल्याच एका अपार्टमेंटमधले गृहस्थ. गाडी बुक केली, मग सोसायटीनं पार्किंगमध्ये वायर ओढायला नकार दिला. स्वतःच्या घरच्या जोडणीवरून चार्जिंग करायला केंद्राच्या नियमांत मोकळीक आहे, पण ते मीटिंगमध्ये कुणाला पटवणार? त्यांनी बुकिंग रद्द केलं.

आगीबद्दल सगळेच विचारतात. जून २०२२ मध्ये वसईत एक नेक्सॉन ईव्ही पेटली आणि केंद्रानं चौकशी लावली, हे खरं. पण मी बोललो त्या अकरा जणांत आगीचा अनुभव एकालाही नाही. चार्जरचा मात्र बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आता 'कुठली घेऊ'. मी उलटीकडून सुरुवात करायला सांगतो. आधी घर, मग गाव, आणि शेवटी मॉडेल.

घर: हक्काचं पार्किंग आणि तिथं अर्थिंगसकट १५ अँपिअरचा पॉइंट आहे का? नसेल तर सध्या थांबा. बाहेरच्या चार्जरच्या भरवशावर घरची एकुलती गाडी घेऊ नका. आणि वीजबिलाचं गणित स्वतः करा. बॅटरीवरचा किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या मीटरवरचं एक युनिट. एका युनिटला ६ ते ७ किलोमीटर धरा. महिन्याला १,२०० किलोमीटर म्हणजे जवळपास २०० युनिट. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटचे. तुमचं घर आज १५० युनिटवर असेल तर ते ३५० वर जाणार आणि वरची युनिटं महाग पडणार. तरी पेट्रोलपेक्षा स्वस्तच, पण शोरूममध्ये सांगतात तेवढं फुकट नाही.

अंतर: जाहिरातीतला आकडा विसरा. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती आणि कागदावर ३१२ किलोमीटर. वरच्या हिशेबानं दोनशेच्या आसपास होतात. टियागोची मोठी बॅटरी २४ युनिटची, म्हणजे दीडशे धरा. हायवेला शंभरनं पळवली की आणखी कमी. तुमचं रोजचं फिरणं ६०-७० असेल तर छोटी बॅटरी पुरते. वर्षातून दोनदा गोव्याला जायचं म्हणून मोठ्या बॅटरीला काही लाख घालायचे की तेव्हा गाडी भाड्यानं घ्यायची, हे घरात बसून ठरवा.

भाड्याची बॅटरी: एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये होतं. महिना १,२०० किलोमीटरला ४,२०० रुपये झाले, वीज वेगळी. गाडीची किंमत कमी दिसते, पण हा हप्ताच आहे हे लक्षात ठेवा.

गाव: टेस्ट ड्राइव्ह घेण्याआधी वर्कशॉपमध्ये जा. शोरूममध्ये नको, मागं वर्कशॉपमध्ये. तिथं उभ्या असलेल्या गाडीच्या मालकाला विचारा, किती दिवस झाले. हाय व्होल्टेजचं काम येणारे किती जण आहेत ते विचारा. उत्तर 'एक' आलं तर माझे २३ दिवस आठवा. बाजारात नवीन आलेलं मॉडेल असेल तर वर्षभर थांबा, पहिल्या गाड्यांत निघालेले दोष तोवर कळतात.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. तेव्हा पेट्रोलही मिळेना आणि बऱ्याच भागात लाइटही नव्हती. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तोही प्रयोगशाळेत. पंचगंगेचं पाणी अर्ध्या तासात उतरत नाही. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की गाडी पूर्ण चार्ज करून उंचावर लावा, मग ती कुठलीही असो.

आता थोडं सरकारशी. सवलती भरपूर आहेत. जीएसटी ५ टक्के. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी. चांगलं आहे, पण कोल्हापूरहून पुण्याला जाताना यातला एकही रस्ता लागत नाही. आम्हाला हवाय तो वाटेतला चालू चार्जर, आणि तो बंद असेल तर जबाबदार माणसाचा फोन नंबर.

दुसरं, दुरुस्ती. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण बारा व्होल्टची साधी बॅटरी बदलायलाही आमच्या मिस्त्रींना भीती वाटत असेल, तर त्या हक्काचा उपयोग काय? बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला ते हे गाव. उद्यमनगरातली पोरं इंजिन उघडून जोडतात. त्यांना हे काम रीतसर शिकवा, सर्टिफिकेट द्या. नाहीतर पाच-दहा वर्षांत गाड्या आमच्या आणि दुरुस्ती पुण्याची, अशी गत होईल.

तिसरं, आपलं स्वतःचं. १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचा नियम आहे. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षिततेचा दोष असेल तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते आणि ठरलेल्या संख्येनं तक्रारी आल्या की चौकशी होते. आपण तक्रार व्हॉट्सॲप ग्रुपवर करतो, तिथं संख्या मोजली जात नाही. सेवेबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मग परत घेशील का, असं मला विचाराल तर होय, घेईन. घरी पॉइंट आहे, रोजचं अंतर बसतं. आता डिकीत जंप स्टार्टर ठेवतो आणि तो कुठं लावायचा हे घरातल्या सगळ्यांना दाखवलंय. आबांनाही. मिरजेची फेरी याच गाडीनं होते, पण आदल्या रात्री काकांना विचारून ठेवतो, वॅगन आर उद्या मोकळी आहे का.

चौकातल्या त्या वाचकांना एवढंच सांगितलं, की आधी वर्कशॉपमध्ये जाऊन या, मग बोलू.

तुमच्याकडं इलेक्ट्रिक गाडी असेल तर खाली चार गोष्टी लिहा: मॉडेल, किती किलोमीटर झाले, कधी बंद पडली का, आणि किती दिवसांनी परत मिळाली. भांडणं नकोत. महिनाभरात सगळ्यांची यादी करून इथंच टाकतो. घेणाऱ्याला ब्रोशरपेक्षा तिचा जास्त उपयोग होईल.