तेरणेकाठची येळवस

पुण्या-मुंबईकडची मंडळी तुळजापूरला येतात, भवानीआईचे दर्शन घेतात आणि आल्या पावली परत फिरतात. फार तर वाटेत नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा नर-मादी धबधबा पाहतात. त्यात वावगे काही नाही. पण धाराशिव जिल्हा खरा पाहायचा असेल, तर मार्गशीर्षात यावे आणि तेरची वाट धरावी. २०२३ सालापर्यंत सरकारदप्तरी हा उस्मानाबाद जिल्हा होता. बायाबापड्यांच्या तोंडी मात्र धाराशिव हेच नाव पूर्वीपासून आहे.

बालाघाटच्या माथ्यावरचा हा मुलूख. वरवर पाहणाऱ्याला उघडाबोडका वाटतो. मात्र येडशीजवळ रामलिंगच्या दरीत उतरले, की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. चहूकडे झाडी, मध्ये महादेवाचे देऊळ, उड्या मारणारी माकडे आणि पावसाळ्यात कोसळणारे पाणी. जखमी जटायूला पाणी पाजण्यासाठी रामाने इथे बाण मारून झरा काढला, असे लोक सांगतात. १९९७ मध्ये हा भाग अभयारण्य झाला. सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी असते म्हणून आडवारी जावे.

तेरखेड्याकडे उगम पावलेली तेरणा तेरला येते तेव्हा काही मोठी नदी वाटत नाही. पण तिच्या काठचे हे गाव म्हणजे जुने तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवहीत पैठणच्या जोडीला तगरचे नाव आहे. इथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेने जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय गावात आहे, ते चुकवू नये. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळही पाहावे. इतके जुने विटांचे बांधकाम महाराष्ट्रात उभे राहिलेले विरळाच. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यात टाकल्या तर तरंगतात.

वीट काय, मडके काय, शेवटी माती. आणि मातीचा विषय निघाला की तेरला एकच नाव घ्यायचे, गोरोबाकाकांचे. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात हे वयाने वडील, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. जातीने कुंभार. शके १२३९ म्हणजे १३१७ साली चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी समाधी घेतली. अजून त्या सुमाराला ऐन उन्हाळ्यात दिंड्या तेरला लोटतात.

गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या घराघरांत माहीत आहे. नामाच्या तंद्रीत ते चिखल तुडवीत होते, रांगत आलेले पोटचे पोर पायाखाली आले आणि त्यांना कळलेही नाही. पुढे देवाच्या कृपेने पोर परत मिळाल्याचे सांगतात. कीर्तनात हा शेवट आला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. मला मात्र मधला भाग जड वाटतो. ज्या चिखलाने लेकरू घेतले त्याच चिखलावर पोट, आणि तोच पुन्हा चाकावर चढवायचा. त्यांचे अभंग फार थोडे उरले आहेत. त्यांतल्या एकात गोड चाखलेल्या मुक्या माणसाची उपमा येते. चव पुरती कळली आहे, पण सांगायला वाचा नाही! भरल्या कणसांच्या रानात संध्याकाळी उभे राहिलेल्या शेतकऱ्याला ही उपमा कुणी समजावून सांगायला नको.

तरीही आपल्याकडच्या मुक्याला वर्षातून एक दिवस वाचा फुटते. तो दिवस मार्गशीर्ष अमावास्येचा, म्हणजे वेळा अमावास्येचा. गावात तिला येळवस म्हणतात. कर्नाटकात हीच एळ्ळ अमावास्या. एळ्ळ म्हणजे तीळ. धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या बीदर-कलबुर्गी भागांत हा सण दिवाळीच्या तोडीचा असतो. दिवाळीला लेकरे घरी येतात, येळवशीला सगळे घर रानात जाते. त्या दिवशी गावात चिटपाखरू दिसत नाही.

रानात कडब्याची कोप उभारायची. आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांच्या शेजारी लक्ष्मी. नैवेद्याला आदल्या रात्रीपासून चुली पेटलेल्या असतात. ज्वारीचे पीठ आणि ताक यांची आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि तूर, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, पालेभाज्या यांची मिळून केलेली भज्जी. तिला भजी समजू नका, ही घट्ट पातळसर मिसळीची भाजी आणि तिची सर कशालाच नाही. वाटसरूला बोलावून जेवू घालतात. ओळख विचारीत नाहीत.

पूजा झाली की चर शिंपायचा. आंबिलीचे मडके घेऊन शेताच्या कडेकडेने फिरायचे आणि पिकावर, बांधावर शिंपडत जायचे. मागून पोरे एक घोष करतात. त्याला वळण कानडी, जिभेवर मराठी, आणि शब्दाशब्दाचा अर्थ विचाराल तर म्हाताराही हसून मान हलवतो. कवितेला अर्थ हवाच, असा आपल्या मास्तरांचा आग्रह असतो. इथे शेकडो वर्षे अर्थावाचून काम चालले आहे. म्हणणाऱ्याला एवढे ठाऊक असते, की आपण हे रानाला म्हणतो आहोत.

आता कुणी म्हणेल, शहरातल्या माणसाला हे गोड वाटणारच. रानाने दिले तेव्हा ठीक, पण घेतले तेव्हा काय? प्रश्न खरा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात जनावरे छावणीत बांधावी लागली. २०२५ च्या सप्टेंबरात उलटे झाले. परंडा-भूमकडे नद्यांनी पात्र सोडले आणि पिकासकट रानाची माती खरवडून नेली. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तर कोण विसरेल? गणपती बोळवून लोक निजले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या खेड्यांत दगडमातीची घरे निजलेल्यांच्या अंगावर आली. हजारो माणसे गेली.

२०२५ च्या येळवशीला तेरच्या पुढे एका रानात मला जेवायला बसवले गेले. घरची आजी सत्तरी ओलांडलेली, माहेर सास्तूरकडचे. भूकंपात तिचा भाऊ, भावजय आणि दोन भाचरे गेली. मी भीत भीत विचारले, "आजी, त्या वर्षी येळवस केली का हो?"

"केली की. न करून कसं चालंल, लेकरा?" तिने माझ्या ताटात भज्जी वाढली. "भाऊ गेला. पर त्यानं मिरगाला पेरलेली तूर उभी हुती. शेंगांनी लवलेली. मी नुसती आंबील घिऊन गेले. कोप न्हाई, पांडव न्हाई. त्या तुरीवर शिंपली आन् रडले. घर पडलं, पर रानानं काय केलं हुतं?"

ती दळणावर ओव्या म्हणत असे. आता जाते अंगणात पालथे पडले आहे, दळण गिरणीत जाते. तिला चार ओव्या आठवल्या. एक भावाची, एक तुळजापूरच्या आईची आणि दोन पावसाच्या. सून म्हणाली, आम्हाला तर ठाऊकच नव्हत्या! हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्याहून गावोगाव हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तरी प्रत्येक आजीपर्यंत कोण पोचणार? घरातल्या शाळकरी पोराने वही घेऊन बसायला हवे. मी त्या घरच्या नातीला तेवढे सांगितले आणि तिने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवातही केली.

चर शिंपायची वेळ झाली तेव्हा अडचण आली. सप्टेंबरात ओढ्याला आलेल्या पुराने खालच्या अंगाचा बांध वाहून नेला होता. हद्द कुठली आणि ओढा कुठला, काही कळेना. घरधनी मडके घेऊन थांबला. मग आजी काठी टेकत पुढे झाली. "हितं बाभळ हुती," ती म्हणाली. "हितनं वाकडा जायचा." ती दाखवीत गेली तसतशी तिच्या मागून आंबील शिंपडली जाऊ लागली, वाळूवर, गोट्यांवर आणि मधूनच उगवलेल्या हरभऱ्याच्या चार रोपांवर. पोरे घोष करीत मागे धावत होती.