मीठ लावलेली सोलं

आमच्या घरात दारू हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत. कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माझे बाबा पीत. काजूच्या मोसमात हुर्राक, मोसम संपला की फेणी आणि महिनाअखेरीला मिळेल ते. १९९८ साली ते गेले तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि धाकटा भाऊ सातवीत. त्यांच्या पिण्यापेक्षा मला जास्त आठवतं ते त्यांचं खोटं बोलणं. "आज घेतलेली नाही हां," असं शांतपणे म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी आईला तांदळाच्या पिंपामागे बाटली मिळायची. त्यानंतर मी बी. ए. झालो, सरकारी कारकून झालो, संसार थाटला, पण आजवर थेंबाला शिवलो नाही.

धाकटा २००९ मध्ये पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडला गेला. गाव स्विंडन. तिथे आपले गोंयकार इतके आहेत की बाजारात कोकणी कानावर पडते. तो एका गोदामात कामाला आहे. गेल्या वर्षी चवथ आटोपल्यावर मी तीन आठवड्यांची अर्जित रजा टाकून त्याच्याकडे जायचं ठरवलं. निघण्यापूर्वी त्याचा फोन आला.

"दादा, येताना घरची सोलं आण. अर्धा किलो तरी."

"कढीसाठी?"

"नाही, बिअरसाठी. मी घरी करतो."

मी फोन ठेवला. आईला सांगितलं, कढीसाठी हवीत. तिने मेमध्ये घालून ठेवलेली भिरंडांची सोलं पिशवीत भरून दिली. बाबांचा मुलगाच ना मी, खोटं किती सहज जमलं!

खरं सांगतो, विमानात मला झोप आली नाही. घरातच करायला लागला म्हणजे कुठवर गेला असेल, हाच विचार. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावची भट्टी होती, धूर, मडकी आणि सांजवेळेला तिथे घुटमळणारी माणसं. प्रत्यक्षात दिसलं ते स्वयंपाकघर, आणि त्यात एक मोठं पातेलं, एक झाकणाची प्लास्टिकची बादली, थर्मामीटर. माझ्यातला कारकून आधी जागा झाला. "परवाना कुठे आहे?" तो हसला. तिथे १९६३ पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा, त्या साली तो रद्द झाला. स्वतःपुरती करावी, विकायची नाही.

पहिल्या रविवारी आम्ही कामाला लागलो. तो गव्हाची बिअर करणार होता. अडीच किलो गव्हाचं माल्ट आणि दोन किलो सातूचं. माल्ट म्हणजे मोड आणून सुकवलेलं धान्य. मला लगेच नाचणीचं सत्त्व आठवलं, तेही मोड आणूनच करतात. मी विचारलं, गव्हाची बिअर तर सातू कशाला? म्हणाला, गव्हाला टरफल नसतं. नुसता गहू घेतला तर लगदा होतो, पाणी खाली उतरतच नाही. सातूचं टरफल गाळणीचं काम करतं.

भरडलेलं धान्य ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. पाणी त्याहून फार तापलं तर पिष्टाची साखर करणारा दाण्यातला गुण मरतो, फार निवलं तर काम नीट होत नाही. तास झाल्यावर चाखायला दिलं. गोड पेज! मग ते गोड पाणी गाळून तासभर उकळायचं, त्यात हॉप्सची वाळलेली फुलं घालायची, २५ ग्रॅम. कडूपणा त्यांचा. मग झपाट्याने २० अंशांच्या खाली आणायचं आणि यीस्ट टाकून झाकण लावायचं. झाकणाला पाणी भरलेली छोटी नळी असते, आतला वायू बुडबुड बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

पण ह्या सगळ्यापेक्षा वेळ गेला तो धुण्यात. बादली, नळ्या, चमचे, बाटल्या, सगळं निर्जंतुक. "दादा, बिअर यीस्ट करतं," तो म्हणाला, "आपण फक्त भांडी घासतो." सोवळ्यातल्या स्वयंपाकात आमच्या आजीने एवढं सोवळं पाळलं नसेल. मला वाटलं, हे तर घरकामच. आंबवणं आपल्याला नवं कुठे आहे? पूर्वी पोदेर पावाचं पीठ माडाच्या सुरेनेच फुगवायचा, आणि तो पाव आम्ही सगळे खात होतो.

तरी मनातली अढी गेली नव्हती. जिन्याखालच्या कपाटात आधीच्या खेपेच्या बाटल्या होत्या, रास्पबेरी घातलेल्या. शेजारी एक वही. भाऊ रात्रपाळीला गेला, भावजय झोपली, आणि मी, लाज वाटते सांगायला, ती वही उघडली. ऑफिसात साठ्याची नोंदवही तपासायची सवय. प्रत्येक खेपेला तारीख, धान्याचं वजन, तापमान, आणि शेवटी हिशेब: भरल्या ३८, मित्रांना व शेजाऱ्यांना ११, स्वतः ९, शिल्लक १८. नऊ बाटल्यांपुढे नऊ तारखा, बहुतेक शनिवारच्या. मी कपाटाचं दार उघडलं आणि बाटल्या मोजल्या. अठरा. पुन्हा मोजल्या. अठराच.

सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "जुळलं का, दादा?"

वही मी उलटी ठेवली होती म्हणे. काय बोलावं मला सुचेना.

"तू मोजणार हे ठाऊक होतं," तो म्हणाला. "मीही मोजतो. बाबा आठवतात म्हणूनच लिहून ठेवतो."

आम्ही दोघांनी बाबांविषयी इतक्या वर्षांत बोललेलं हे पहिलं वाक्य. वही लिहून कुणाचं व्यसन सुटत नाही, एवढं मला कळतं. बाबांना कुणी वही दिली असती तर त्यांनी तीही खोटी लिहिली असती. पण जे लपवायचं असतं ते माणूस जिन्याखाली ओळीने मांडून त्याची नोंद ठेवत नाही, एवढंही कळतं.

दुसऱ्या रविवारी सोलं घालायची होती. फळ उकळत्या पाण्यात घातलं तर त्याचा वास उडून जातो, म्हणून आंबण्याचा पहिला जोर ओसरल्यावर घालतात. यीस्टही त्याने मुद्दाम साधं घेतलं होतं. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरीचं यीस्ट स्वतःच केळ्याचा आणि लवंगेचा वास देतं, त्यात भिरंड हरवलं असतं. ४०० ग्रॅम सोलं त्याने वाफवून बादलीत सोडली. आठवड्याभरात आतला रंग आमच्या सोलकढीच्या जवळ आला.

शेवटच्या शनिवारी बाटल्या भरायच्या. वीस लिटरला १३० ग्रॅम साखर. बाटलीत पुन्हा थोडं आंबून फेस यावा म्हणून. हात सैल सुटला तर बाटली फुटते. भरण्यापूर्वी त्याने काचेच्या नळीत नमुना काढून घनता मोजली. सुरुवातीची १.०४६, आताची १.०१०, म्हणजे सुमारे पावणेपाच टक्के. लिहून घेतलं. मग एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"दादा, ही खारट आहे!"

मी कपाळावर हात मारला. आमच्या घरची सोलं मीठ लावून वाळवलेली असतात. कढीसाठी म्हणून मागितल्यावर आईने तीच दिली. मी खरं सांगितलं असतं तर?

तो हिरमुसला. मी न सांगता चमचा घेतला, नळीतली चमचाभर बिअर त्यात ओतली आणि जिभेवर ठेवली. स्वयंपाकाचं मीठ बघावं तशी. आयुष्यातला पहिला थेंब तो. आधी आंबट, मग मीठ, मागून किंचित कडू. बाबांचा वास त्याला नव्हता. मला ज्याची भीती होती तो वास. होती ती आमच्या मागच्या अंगणातली मेमधली सोलं. एक चमचा, पुरे.

"टाकू नकोस," मी म्हणालो.

रात्री त्यानेच शोधून काढलं. जर्मनीत गोझे नावाची जुनी गव्हाची बिअर आहे, गोस्लार गावची, पुढे लाइपझिगला रुजलेली. तीत मीठ आणि धणे मुद्दाम घालतात आणि ती आंबटच असते. बव्हेरियात १५१६ च्या कायद्याने बिअरीत सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच मान्य केलं होतं. गोझे त्या चौकटीत बसत नाही, तरी टिकली. धाकट्याचा चेहरा उजळला. वहीत त्याने खेपेपुढे लिहिलं, "घरची सोलं, मिठाची." भरल्या ३७. त्यातली मी काही प्यायलो नाही. बाटलीत मुरायला अजून दोन आठवडे लागणार होते आणि माझी रजा संपली होती.

घरी आलो. दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी आई कढी करत होती, तेव्हा सगळं सांगितलं. सोलांचं, बादलीचं, वहीचं, अठरा बाटल्यांचं. तिने पळी खाली ठेवली. बराच वेळ काही बोलली नाही.

"लिहून ठेवतो?"

"तारखेसकट."

"आणि मोजल्यास तू?"

"दोनदा."

तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "खारट झाली असणार. मला विचारलं असतंस तर बिनमिठाची दिली असती."

ह्या मेमध्ये तिने एक सूप वेगळं वाळत घातलं होतं. विचारलं तर सांगेना कुणासाठी.